वाघमारे बाईंची गल्ली

वाघमारे बाईंनी मला पहिल्यांदा शिक्षकखोलीत बोलावलं, तेव्हा मला वाटलं, कौतुक करायला बोलावलं असणार. मी नववीत होते. 'माझा आदर्श नेता' या निबंधाला मला वीसपैकी अठरा गुण मिळाले होते आणि मराठीच्या बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. निबंध जर्मनीच्या त्या नाझी हुकूमशहावर होता. आज हे लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या कोथरूडच्या शाळेत त्या वर्षी अशा विषयावर लिहिणारी मी एकटी नव्हते. 'आपल्याकडे असा एक माणूस पाहिजे, म्हणजे सगळे सरळ येतील,' हे वाक्य मी घरी जेवताना ऐकलं होतं, रिक्षात ऐकलं होतं, गणपतीच्या मांडवातही ऐकलं होतं. माझ्या बाबांच्या कपाटात त्याचं चरित्र होतं. निबंधाची निम्मी वाक्यं त्यातलीच.

बाई आम्हाला इतिहास शिकवायला त्याच वर्षी आल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, कारण वारज्याहून मोपेडवर यायच्या आणि 'चपला रस्त्यात राहतात, पाय शाळेत येतात' अशी त्यांची तक्रार होती. आवाज इतका हळू, की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. उशिरा येणाऱ्याला त्या कधी रागावत नसत. "या. इतिहास घडून गेला, पण बसा," एवढंच म्हणत.

त्यांच्या हातात माझी निबंधाची वही होती.

"अक्षर चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "इथे लिहिलं आहेस, त्यानं देशाला शिस्त लावली. कोणाकोणाच्या घरी जाऊन लावली?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "सगळ्यांच्याच, बाई."

"बरोबर," त्या म्हणाल्या. वही मला परत दिली. फाडली नाही, एक रेघसुद्धा मारली नाही. मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली. लहान मुलीनं काढलेलं एका घराचं चित्र होतं. रंगीत झेरॉक्स तेव्हा नवलाईची होती. ही मात्र नीट रंगीत होती. खाली इंग्रजीत बारीक अक्षरात एक ओळ होती, त्यावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती.

"हे घरी ने. यात काय दिसतं ते लिहून आण. आवडलं, नाही आवडलं, ते नको. दिसतं ते."

मी दुसऱ्या दिवशी आठ ओळी लिहून नेल्या. दुमजली घर, खाली पावाचं दुकान, लाल दार, वर खिडकी, खिडकीत मांजर. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आणखी." तिसऱ्या दिवशी पंधरा ओळी नेल्या. "आणखी." मला राग आला. एका पोरीच्या चित्रात असून असून किती असणार? त्या रविवारी मी हट्टानं चित्र घेऊन बसले आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. दार मोठ्या माणसाच्या उंचीचं होतं, पण त्याची कडी फार खाली काढली होती. दाराच्या निम्म्याच्याही खाली. सातआठ वर्षांच्या मुलीचा हात पोचेल इतकी.

सोमवारी मी ते सांगितलं, तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसल्या. मग त्यांनी ती कागदाची पट्टी सोलून काढली.

त्या ओळीत एका मुलीचं नाव होतं, रूथ. तिचं वय होतं, नऊ. चेक देशातल्या एका लहानशा गावाचं नाव होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, 'परतली नाही'.

बाईंनी मला सगळं त्याच हळू आवाजात सांगितलं. रूथचं कुटुंब ज्यू होतं, एवढाच त्यांचा अपराध. एका सकाळी त्यांना घरातून काढलं, छावणीत कोंडलं. त्या छावणीत एक चित्रकार बाई मुलांना लपूनछपून चित्रं काढायला शिकवायच्या. मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या रंगानं. चित्रं उरली. मुलांना नंतर आगगाडीत भरून आणखी पूर्वेकडे नेलं. चित्रकार बाईंनाही.

"तुझ्या निबंधातली शिस्त ती ही," बाई म्हणाल्या.

मी रडायला लागले. बाईंनी जवळ घेतलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "रडून आपल्याला बरं वाटतं. तिला काय त्याचं?"

हे त्यांचं खास वाक्य होतं हे मला पुढे कळलं. वर्षभरात ते त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं.

पुस्तकात या सगळ्यावर दोन ओळी होत्या. बाईंनी त्या दोन ओळींना आठवडा दिला. झेरॉक्स काढलेली वीसेक चित्रं त्यांच्याकडे होती. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना कधीतरी फाटकं, कव्हर नसलेलं पुस्तक मिळालं होतं, त्यातली. एकेक चित्र एकेका बाकावर. सगळ्यांना तेच काम: दिसतं ते लिहा. आणि आठवड्याच्या शेवटी त्यांनी विचारलं, "आता यांच्यासाठी काही करायचं का? भाषण सोडून."

मुलांच्या कल्पना धडाधड आल्या. नाटक करू, एकानं सैनिक व्हायचं. काटेरी तारांचं कुंपण करू, हाडं दाखवू, धुरांडं करू. मुलांचे डोळे चमकत होते, आणि ते कशानं चमकतायत हे बाईंना कळत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही माणसं मेली कशी, ते मारणाऱ्यांनी ठरवलं. ते आपण पुन्हा कशाला करायचं? ती राहायची कशी, ते करू. दिवाळीत किल्ले करता ना तुम्ही? या वर्षी किल्ला नाही. या वर्षी रूथची गल्ली."

मी आजवर अनेक हुशार माणसं पाहिली. पण एका वाक्यात चाळीस पोरांचं डोकं उलट दिशेला फिरवणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. किल्ला करणं हे पुण्यातल्या पोरांच्या हाडात असतं. माती कशी मळायची, पोतं चिखलात बुडवून उतार कसा करायचा, अळीव पेरून हिरवळ कशी आणायची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. फक्त त्या मातीतून आजवर आम्ही बुरूजच काढले होते. पावाचं दुकान कधी काढलं नव्हतं.

अडचण अशी, की त्या गावातली गल्ली दिसते कशी हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा कर्वे रस्त्याला नुकतेच सायबर कॅफे निघाले होते. बाई आम्हा चौघींना घेऊन तिथे गेल्या. त्यांनी स्वतः माऊसला हात लावला नाही. "तुम्ही चालवा, मी मागे बसते," असं म्हणून पाठीमागे स्टुलावर बसल्या. पाऊण तासात एक चित्र उघडायचं आणि तेही अर्ध्यावर थांबायचं. शेवटी त्या गावच्या नगरपालिकेचा पत्ता मिळाला. घरी येऊन मी शब्दकोश घेऊन इंग्रजीत पत्र लिहिलं. बाईंनी त्यातली फक्त एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं, 'आम्हाला फार दुःख झालं आहे.' त्या म्हणाल्या, "त्यांना आपलं दुःख नको. काय हवंय ते माग." मग मी लिहिलं, 'आम्हाला तुमच्या गावातल्या बाजारगल्लीचा जुना फोटो हवा आहे.'

पत्र टाकलं आणि शाळेत कुरबुर सुरू झाली. मुख्याध्यापकांनी मैदान द्यायला नकार दिला. पालकांच्या सभेत माझेच बाबा उठून बोलले. "अहो बाई, पुढच्या वर्षी दहावी आहे. पोरं संगणक शिकतायत, जग कुठे चाललंय, आणि तुम्ही त्यांना चिखल कालवायला लावणार? तेही कुठल्या परक्या लोकांसाठी?"

बाई म्हणाल्या, "जग जिथे चाललंय, तिथे ही मुलंही जाणारच आहेत ना साहेब? मग तिथे आधी काय झालं ते माहीत असलेलं बरं."

सभा हसली. बाबा बसले, पण लाल होऊन बसले. मला बाबांची लाज वाटली आणि बाईंचाही राग आला. दोन्ही एकदम.

याहून जिव्हारी लागणारं त्यांना दुसऱ्या दिवशी ऐकावं लागलं. मी वह्या ठेवायला शिक्षकखोलीत गेले होते. एक सर चहा पिता पिता म्हणाले, "वाघमारे बाई, तुमच्या लोकांवर काय कमी अन्याय झाला का? ते सोडून साता समुद्रापलीकडचं कशाला उकरता?"

बाईंचं घराणं बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सर ते कुठल्या सुरात म्हणाले हे मला चौदाव्या वर्षीही कळलं. मला वाटलं, बाई आता एखादा टोला हाणतील. त्यांनी हातातली वही मिटली.

"सर, मी चौथीत होते तेव्हा गुरुजींनी गावाचा नकाशा काढायला सांगितला होता," त्या म्हणाल्या. "मी देऊळ काढलं, चावडी काढली, विहीर काढली, आणि आमची वस्ती काढली. गुरुजी म्हणाले, वस्ती गावात येत नाही, ती खोड. मी खोडली. रबर नव्हतं, थुंकी लावून बोटानं खोडली. कागद फाटला. नकाशाला दहापैकी दहा मिळाले." त्यांनी वही पिशवीत टाकली. "कोणाची गल्ली नकाशातून पुसली, की मला ती आपलीच वाटते. त्याला समुद्र किती आडवे आहेत हे मी मोजत नाही."

 सरांनी कप खाली ठेवला. मी वह्या तिथेच टाकून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले.  मी ते ऐकल्याचं बाईंना माहीत होतं, पण त्या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

जागा मिळाली ती वैशालीमुळे. वैशाली माझ्या शेजारच्या बाकावरची. तिचं घर मूळचं तिथलंच, कोथरूड गाव होतं तेव्हापासूनचं. वारज्याच्या बाजूला त्यांचा शेतीचा शेवटचा तुकडा उरला होता. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या होत्या आणि हाही तुकडा बिल्डरला दिलेला होता. वैशालीचे आजोबा, आबा, धोतर-टोपीतले, दिवसभर तिथे बाजेवर बसून असत. बाई आम्हाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि काय करायचंय ते सगळं सांगितलं. रूथचं चित्रही दाखवलं. आबांनी ते लांब धरून बराच वेळ बघितलं.

"घरातनं काढलं म्हनता समद्यांस्नी?"

"हो आबा."

"आन् पोरगी?"

बाईंनी नुसती मान हलवली.

आबा म्हणाले, "माती हाय तवर करा. जानेवारीत मशीन येनार हाय. तवर कुनी तुमास्नी उठवनार न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर नगरपालिकेचं पाकीट आलं. आत एका जुन्या फोटोची प्रत होती. उतरती दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटून घरं, घड्याळजीच्या दुकानावरची पाटी, लांब टोकाला ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचं उंच छप्पर. आणि डावीकडून तिसरं, खाली पावाचं दुकान असलेलं दुमजली घर. फोटोत ते बघितलं तेव्हा वर्गात एकदम आवाज झाला, 'ए, रूथचं घर!' जणू आम्ही सगळे तिच्याकडे जाऊन आलो होतो.

सुट्टीभर आम्ही त्या तुकड्यावर होतो. प्रत्येक गटाला एक घर. विटांचे तुकडे, पोती, पुठ्ठा, गेरू, चुना. फरसबंदी कशाची करावी हे सुचेना, तर वैशालीनं घरून डबाभर चिंचोके आणले आणि आम्ही ते एकेक करून मातीत बसवले. ओले झाले की खरोखर दगडांसारखे चकाकत. एका मुलाला बर्फ हवाच होता. तो सगळ्या छपरांवर चुना भुरभुरायला निघाला. बाई म्हणाल्या, "का रे, तिकडे उन्हाळा पडत नाही? लोक बारा महिने कुडकुडत बसतात तुझ्यासाठी?" बर्फ रद्द झाला. दोरीवर वाळत घातलेले कपडे आले, अळिवाची परसबाग आली, शिंप्याच्या दुकानात काडीपेटीएवढं शिवणयंत्र आलं. किल्ल्यावरचे मातीचे मावळे कोणीतरी आणले होते. बाईंनी त्यांच्या तलवारी काढायला लावल्या आणि हातात पावाच्या टोपल्या द्यायला लावल्या. "लढून दमलेत बिचारे. थोडी बाजारहाट करू दे," त्या म्हणाल्या.

स्वतः बाई एका विटांच्या ढिगावर बसून असत. मातीला हात लावत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझा हात लागला की तुम्ही माझ्याकडे बघून कराल. मला तुमच्याकडे बघायचंय."

गल्ली झाल्यावर बाबांच्याच कॅमेऱ्यानं मी फोटो काढले आणि आम्ही ते नगरपालिकेला पाठवून दिले. खरं तर आमच्या लेखी तिथे ते काम संपलं होतं. डिसेंबरच्या मध्यावर शाळेत एक पत्र आलं. हस्ताक्षर थरथरतं, इंग्रजी मोडकं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव क्लारा. त्यांचं वय झालं होतं. नगरपालिकेनं आमचे फोटो चौकातल्या फलकावर लावले होते आणि ते पाहून त्यांनी लिहिलं होतं. त्या रूथच्या वर्गात होत्या. एका बाकावर बसायच्या.

बाईंनी ते पत्र वर्गात मला वाचायला लावलं. क्लाराबाईंनी लिहिलं होतं, घर हुबेहूब आहे. फक्त दोन चुका आहेत. मांजर बरोबर, पण दार लाल नव्हतं, हिरवं होतं. छावणीत तिच्याजवळ कदाचित लालच रंग असेल. आणि कडी इतकी खाली नव्हती. कडी खूप वर होती. आम्ही दोघी शाळेतून यायचो, तेव्हा चवड्यांवर उभं राहूनही आमचा हात पोचायचा नाही. कुणीतरी आतून उघडेपर्यंत आम्ही बाहेर उभ्या राहायचो.

मी पत्र खाली केलं.  सगळ्यांना एकाच वेळी तेच कळलं होतं. छावणीत बसून त्या मुलीनं आपलं घर काढलं होतं, आणि काढताना कडी खाली घेतली होती. परत गेल्यावर आपल्याआपण उघडता यावी म्हणून.

माझ्या मनात त्या क्षणी जे झालं त्याला मला अजूनही शब्द सापडत नाही. भीती होती, आणि एखाद्या फार मोठ्या गोष्टीसमोर आपण अनवाणी उभे आहोत असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे तुकड्यावर जमलो. वाद सुरू झाला. काही म्हणाले, खरं तेच दाखवलं पाहिजे. दार हिरवं, कडी वर. काही म्हणाले, रूथनं काढलंय तेच ठेवायचं. आवाज चढले. बाई मध्ये पडल्या नाहीत. वैशाली, जी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, कारण तिच्या बोलण्याला मुलं हसायची, ती मातीत बसल्या बसल्या म्हणाली, "दार व्हतं तसं करू. हिरवं. कडी मातर तिला पायजे तितंच ऱ्हाऊ द्या."

कोणी हसलं नाही. बाई उठल्या, आमच्याकडे पाठ करून शेताच्या कडेपर्यंत चालत गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "हिरवा रंग कोणाकडे आहे? उद्या आणा."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही गल्ली सगळ्यांना बघायला खुली केली. बाईंनी एकच नियम घातला होता. "आधी घर दाखवायचं. इथे कोण राहायचं, काय करायचं, कपडे कुठे वाळत घालायचे. ही माणसं आता कुठे आहेत, असं समोरच्यानं विचारलं, तरच सांगायचं. नाही विचारलं तर नाही सांगायचं."

शेजारच्या बांधकामावरच्या बाया पोरं कडेवर घेऊन आल्या. सोसायट्यांतले लोक आले. मुख्याध्यापक आले आणि हात मागे बांधून घड्याळजीच्या दुकानासमोर उभे राहिले. बाबा आले ते आई घेऊन आली म्हणून. मी रूथच्या घरापाशी होते. मी पाव दाखवले, मांजर दाखवली, कडी दाखवली. बाबांना कामाचा बारकावा आवडला. ते उकिडवे बसून खिडकीतून आत डोकावले. आत आम्ही एक लहानसं जेवणाचं टेबल मांडलं होतं. चार ताटल्या होत्या.

"छान केलंय गं," ते म्हणाले. आणि मग सहज, तसेच बसून, "आता कुठे असतात हे लोक?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मग मी बाबांना सांगितलं. कुठून काढलं, कुठे नेलं, कोणी नेलं. नाव घेऊन सांगितलं. ज्याचं चरित्र आमच्या कपाटात होतं, त्याचं नाव. बाबा उठले नाहीत. मी बोलायची थांबले तरी तसेच बसून राहिले, एक हात मातीला टेकवून. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "चल."

ते पुस्तक काही दिवसांनी कपाटात नव्हतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र बाई पुढे कधी रस्त्यात भेटल्या, की बाबा स्कूटर थांबवून खाली उतरत आणि 'नमस्कार बाई' म्हणत. बसल्या जागेवरून नाही.

जानेवारीत मशीन यायच्या आदल्या शनिवारी बाईंनी आम्हाला बोलावलं. "आपण केलंय, आपणच उचलायचं. यंत्राला कशाला त्रास?" त्या म्हणाल्या. आम्ही एकेक घर हातांनी उतरवलं. माती परत शेतात पसरली. आबा बाजेवरून बघत होते. सगळं सपाट झाल्यावर ते बाईंना म्हणाले, "बाई, आमच्या ह्या रानाचंबी कुनीतरी आसं करून ठिवा. विहीर हुती हितं, मोट हुती. नातवंडांस्नी कसं कळावं?"

पुढच्या वर्षी बाईंच्या नव्या नववीनं आबांचं शेत केलं. जागा नव्हती म्हणून शाळेच्या गच्चीवर केलं, आणि ती गच्ची मुख्याध्यापकांनी स्वतः किल्ली देऊन उघडून दिली. त्याच्या पुढच्या वर्षी बाईंचं गाव झालं. वस्तीसकट. ते बघायला शिक्षकखोलीत चहा पिणारे ते सर आले होते, असं मला कोणीतरी सांगितलं. त्यानंतर दर दिवाळीला काहीतरी झालंच. प्रत्येक नववीला वर्षाच्या सुरुवातीला रूथचं चित्र मिळे आणि तोच प्रश्न मिळे, काय दिसतं? बाई निवृत्त होईपर्यंत हे चाललं. त्यांना कधी कोणता पुरस्कार मिळाल्याचं मला माहीत नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "कशाबद्दल? चिखलाबद्दल?"

मी इंजिनियर झाले. आमच्या वर्गातले निम्मे झाले, ते दिवसच तसे होते. हिंजवडीत नोकरी लागली आणि काही वर्षांनी कंपनीनं प्रकल्पासाठी सहा महिने जर्मनीला पाठवलं. निघताना वारज्याला बाईंना भेटायला गेले. त्यांची तब्येत ढासळली होती. किडनीचं दुखणं होतं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तिकडून ते गाव रेल्वेनं पाच-सहा तासांवर आहे. जाऊन येऊ का?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? रस्ता तुला माहीत आहे."

एका शनिवारी मी गेले. क्लाराबाई तोवर गेलेल्या होत्या. स्टेशनपासून कोणाला काही न विचारता मी त्या गल्लीत पोचले, इतकी ती पाठ होती. फोटोतली उतरण तशीच होती. डावीकडून तिसरं घरही होतं, नवा रंग दिलेलं. खाली मोबाइल फोनचं दुकान होतं. मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. लोक पिशव्या घेऊन जात होते. कुठे पाटी नव्हती, खूण नव्हती. मला एकाएकी इतका संताप आला, की मी रस्ता ओलांडून आत शिरले.

दुकानात विशीतला एक तरुण होता. त्याला इंग्रजी येत होतं. मी त्याला म्हटलं, मला फोन नकोय. या घरात पूर्वी कोण राहायचं ते तुला माहीत आहे का? त्यानं खांदे उडवले. मग मी सांगितलं. पावाचं दुकान, मांजर, चार ताटल्या. तो ऐकत राहिला. माझं झाल्यावर काउंटरमागून बाहेर आला, माझ्याबरोबर रस्त्यावर आला आणि मान वर करून त्या खिडकीकडे बघत उभा राहिला. त्यानं मला रूथच्या नावाची अक्षरं विचारली आणि एका पावतीच्या मागे ती लिहून घेतली.

तिथूनच मी बाईंना फोन लावला. हेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं. पुढच्या दोन महिन्यांत बाई गेल्या, मी परत येईपर्यंत थांबल्या नाहीत. फोनवर त्यांचा आवाज आणखीच हळू झाला होता. मी सगळं सांगत सुटले. पाटीसुद्धा नाही बाई, कोणाला काही माहीत नाही, दुकानदाराला तर पत्ताच नव्हता.

"त्याच्याशी भांडलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"रडलीस?"

"नाही बाई."

"मग काय केलंस?"

"सांगितलं त्याला. सगळं. त्यानं नाव लिहून घेतलं."



"मग कशाला चिडतेस?" बाई म्हणाल्या. "सकाळी त्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. आता एकाला माहीत आहे."